तिजोरीची प्रकृती, देशाची प्रकृती

पहिल्याच वाक्यात गोखले अभिनंदन करायला नकार देतात.

तारीख २६ मार्च १९०२. कलकत्त्यात वरिष्ठ कायदे कौन्सिलची अंदाजपत्रकावरची बैठक भरलेली. अध्यक्षस्थानी स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन. अंदाजपत्रक मांडणारे फायनान्स मेंबर सर एडवर्ड लॉ. सरत्या वर्षाच्या सरकारी जमाखर्चात तब्बल सात कोटी रुपयांचा वाढावा पडला होता आणि त्याबद्दल लॉसाहेबांचे कौतुक चालले होते. तेवढ्यात पस्तिशीतला एक पुणेकर उठतो. फर्ग्युसन महाविद्यालयात त्याने गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवलेले. तो म्हणतो की या अभिनंदनात मनाला स्मरून सामील होणे मला जमेल असे वाटत नाही. मग दुसऱ्या वाक्यात कारण येते. हिंदुस्थानच्या जमाखर्चाच्या इतिहासात एवढा वाढावा कधी पडला नव्हता. देश दैन्यात असताना असे वाढावे वर्षामागून वर्षे पडत आहेत. याचा अर्थ देशाची स्थिती आणि तिजोरीची स्थिती यांचा एकमेकींशी काही मेळ उरलेला नाही.

गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या अंदाजपत्रकावरील भाषणांची ही सुरुवात. पुढे दहा वर्षे ही भाषणे चालली. मद्रासच्या नटेसन यांनी १९०८ साली त्यांच्या भाषणांचा जाडजूड संग्रह छापला, तो मी अनेकदा वाचला आहे. प्रत्येक वेळी या दुसऱ्या वाक्यापाशी थांबतो. मराठीत आपण ‘प्रकृती’ हा शब्द माणसाच्या तब्येतीलाही वापरतो आणि वस्तूच्या मूळ स्वभावालाही. गोखले इंग्रजीत बोलत होते, पण त्यांचे म्हणणे मराठीत आणायचे तर हाच शब्द हवा. तिजोरीची प्रकृती उत्तम, देशाची प्रकृती ढासळलेली. एकीवरून दुसरीचे निदान करता येत नाही, इतकेच नव्हे तर पहिली उत्तम आहे ती दुसरीचे रक्त शोषून. पुढच्या दहा वर्षांच्या भाषणांचे बीज या एका वाक्यात आहे. गोखल्यांनी सरकारी जमाखर्च शरीराच्या बाजूने वाचला. करांच्या तक्त्यात त्यांना पोट दिसले, मीठ दिसले, रोग दिसला, मरण दिसले. त्यांच्या वक्तृत्वाचा रस मला तिथे सापडतो. ‘नेमस्त’, ‘आकडेबाज’ अशी लेबले लावून आपण त्यांना कपाटात ठेवून दिले आहे, तिथे तो हाती लागणार नाही.

टिळकांचे गद्य आपल्याला ओळखीचे आहे, कारण ते मराठीत आहे आणि गरजते. गोखल्यांचे उत्तम गद्य इंग्रजीत राहिले आणि ते गरजत नाही. मराठी वाचकाच्या वाट्याला त्यांचे चरित्र आले, वाद आले, गांधीजींनी त्यांना राजकीय गुरू मानल्याची आठवण आली. त्यांची वाक्ये मात्र आली नाहीत.

या भाषणांचा घाट समजायचा तर ती ज्या सभागृहात झाली तिथले नियम लक्षात ठेवावे लागतात. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली होती, मत देण्याची नाही. एक पैचा बदल सुचवून त्यावर मतदान मागता येत नव्हते. सरकारी सभासदांचे बहुमत तर होतेच. विरोधी पक्ष नावाची गोष्टच अस्तित्वात नव्हती. मुंबईच्या कायदे कौन्सिलातल्या बिनसरकारी सभासदांनी फिरोजशहा मेहतांच्या जागी निवडून पाठवलेला हा एकटा माणूस म्हणजेच विरोधी पक्ष. आणि त्याच्या हाती शस्त्र कोणते, तर वर्षातून एकदा, मार्चअखेरीस, तासाभराचे भाषण. एप्रिल उजाडला की अंदाजपत्रक जसेच्या तसे लागू.

ज्या भाषणाने काहीही पडणार नाही आणि काहीही मंजूर होणार नाही, ते कसे रचायचे? याचे उत्तर गोखल्यांना त्यांच्या गुरूंकडून मिळाले होते. सार्वजनिक सभेच्या अर्जांना सरकार धड उत्तरही देत नाही, मग एवढे कष्ट कशाला, असे त्यांनी तरुणपणी न्यायमूर्ती रानड्यांना विचारले होते. रानड्यांचे म्हणणे असे की हे अर्ज सरकारच्या नावाने असतात, पण खरे तर लोकांसाठी लिहिलेले असतात, लोकांनी या प्रश्नांचा विचार कसा करावा हे शिकावे म्हणून. गोखल्यांनी ही आठवण पुढे स्वतः सांगितली आहे. १९०२ चे भाषण त्या उत्तराच्या उजेडात वाचले की त्याची रचना उलगडते. तोंड व्हाइसरॉयकडे आहे, पण फळ्यावरचे गणित मागच्या बाकांसाठी मांडलेले आहे. या माणसाने शाळांसाठी अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिले होते, हे विसरू नये. एक पायरी गाळली तर मागच्या बाकावरचा मुलगा हरवतो, ही शिक्षकाची जाणीव प्रत्येक परिच्छेदात आहे.

आता ते गणित. सात कोटींचा वाढावा आला कुठून? लोक श्रीमंत झाले म्हणून कर जास्त जमला, असे सरकारचे म्हणणे. गोखले हुंडणावळीकडे बोट दाखवतात. १८९३ साली सरकारने टांकसाळी चांदीला बंद केल्या. त्याआधी आणि लगेच नंतरही रुपया घसरत होता, १८९४-९५ मध्ये तो सुमारे तेरा पेन्सांवर आला होता. पुढे नाणी दुर्मिळ झाल्याने तो चढला आणि १८९८ पासून सोळा पेन्सांवर स्थिरावला. हिंदुस्थान सरकारला विलायतेत दरसाल सुमारे एक कोटी सत्तर लाख पौंड पाठवावे लागत. कागद-पेन्सिल घेऊन बसावे. तेरा पेन्सांच्या रुपयाने त्यासाठी एकतीस कोटींहून अधिक रुपये लागतात, सोळा पेन्सांच्या रुपयाने साडेपंचवीस. म्हणजे नुसत्या हुंडणावळीच्या फरकाने सरकारचे वर्षाला पाच कोटींहून अधिक वाचू लागले. रुपया घसरत होता तेव्हा ती तूट भरून काढायला जे कर लादले वा वाढवले ते मात्र तसेच राहिले. १८८६ चा प्राप्तीकर, १८८८ साली मिठावर चढवलेले आठ आणे, १८९४ ची आयातीवरची जकात, १८९६ चा देशी गिरण्यांच्या कापडावरचा साडेतीन टक्क्यांचा कर. दुखणे गेले, औषधाचे पैसे कापणे चालूच. वाढावा म्हणतात तो हा. शिवाय रुपया महाग झाला म्हणजे शेतकऱ्याच्या मालाला कमी रुपये मिळू लागले, सारा मात्र तेवढेच रुपये मागतो.

या युक्तिवादात कुठे विशेषण नाही, हे पाहण्यासारखे आहे. एकापुढे एक पायऱ्या आहेत. वाचणारा शेवटच्या पायरीवर येतो तेव्हा राग त्याच्या मनात आपोआप तयार होतो, वक्त्याला तो ओतावा लागत नाही.

ही मांडणी झाल्यावरच गोखले एक शब्द वापरतात आणि तो कडक आहे. अशा वेळी पडलेला वाढावा हा दुहेरी अन्याय आहे, असे ते म्हणतात. पहिला अन्याय म्हणजे तो आहे हाच. लोक हालात असताना गरजेपेक्षा जास्त काढून घेणे. दुसरा अन्याय म्हणजे त्याचा लावला जाणारा अर्थ. वाढाव्याकडे बोट दाखवून भारतमंत्री विलायतेत बसून सांगू शकतात की त्या देशात सगळे कसे छान चालले आहे. भारतमंत्री तेव्हा लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन होते. लुबाडणुकीपेक्षा लुबाडणुकीचा पुरावा समृद्धीचा दाखला म्हणून फिरवणे गोखल्यांना जास्त झोंबते. मला हा दुसरा अन्याय या भाषणातला सर्वांत खोल विचार वाटतो. पैसे परत देता येतात. पण ‘तू धडधाकट आहेस’ असा खोटा दाखला मिळालेल्या रोग्याकडे कुणी वैद्य फिरकत नाही.

म्हणून पुढचे काम खरा दाखला लिहिण्याचे. गोखले ते करतात आणि तिथे भाषणाचा केंद्रबिंदू पैशांवरून शरीराकडे सरकतो.

नुकतीच १९०१ ची खानेसुमारी झाली होती. आधीच्या दशकात १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा असे दोन महादुष्काळ, शिवाय १८९६ पासून गाठीचा रोग. मुंबई इलाख्यात १८९१ पेक्षा माणसे कमी भरली होती. भरभराटीच्या गप्पांना हे उत्तर पुरेसे होते, पण खानेसुमारीचा दोष दुष्काळावर आणि पावसावर ढकलता येतो. मग गोखले मिठाकडे वळतात आणि इथे पळवाट राहत नाही.

मिठावरचा कर मणाला अडीच रुपये होता. मण म्हणजे सुमारे ब्याऐंशी पौंड, म्हणजे पौंडामागे जवळजवळ अर्धा आणा. मीठ समुद्राच्या पाण्यात आणि उन्हात तयार होणारे, त्यामुळे बाजारातल्या भावात मुख्य वाटा कराचाच. गोखल्यांनी आकडा पुढे केला तो असा. देशात माणशी मिठाचा खप वर्षाला दहा पौंडही नाही आणि निरोगी शरीराला वैद्यकीय मताप्रमाणे वीस पौंड लागते.

एवढेच. मला वाटते, हिंदुस्थानच्या संसदीय वाङ्मयात दोन आकड्यांनी याहून अधिक काम क्वचितच केले असेल. दहा आणि वीस. एक आकडा अबकारी-मिठाच्या खात्यातला, दुसरा वैद्यकाच्या पुस्तकातला. दोन्ही आधी उपलब्ध होते, पण वेगवेगळ्या कपाटांत. गोखल्यांनी ते शेजारी ठेवले. शेजारी ठेवताच जमाखर्चाचा तक्ता हा उपासमारीचा तक्ता होतो. धान्य कमी खाल्ले तर म्हणता येते की माणूस कंद खाईल, पाला खाईल. मिठाला पर्याय नाही. श्रीमंताच्या आणि गरिबाच्या गरजेत मिठाच्या बाबतीत फार फरकही नाही. असलाच तर उन्हात घाम गाळणाऱ्याला ते जास्त लागते. मग जिथे खप अर्धा आहे तिथे कोण अर्धपोटी आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

मी आणखी थोडे गणित करून पाहिले. पाच माणसांचे घर दहा पौंडांच्या हिशेबाने वर्षाला पन्नास पौंड मीठ खाते. त्यावरचा कर दीड रुपया. शरीराला हवे तेवढे खायचे तर शंभर पौंड, कर तीन रुपये. खुद्द कर्झनच्या राजवटीत सरकारने मान्य केलेले सरासरी उत्पन्न माणशी वर्षाला तीस रुपये होते. डिग्बी नावाच्या इंग्रज लेखकाने त्याच सुमारास तेच साडेसतरा रुपये काढले होते. म्हणजे सरासरीच्याही खाली असलेल्या घराने पुरेसे मीठ खायचे ठरवले तर एका माणसाचे कित्येक आठवड्यांचे उत्पन्न फक्त करात जाणार. माणूस काय करतो? आमटीत खडा कमी टाकतो. सरकारी तक्त्यात ते ‘खपाचे प्रमाण’ म्हणून उमटते. गोखल्यांनी तक्त्यातून मागे जात त्या आमटीपर्यंत पोचण्याची वाट दाखवली.

या आकड्यांमागे एका मराठी माणसाचा हात आहे, त्याचे नाव घ्यायलाच हवे. गणेश व्यंकटेश जोशी. सोलापूरला मुख्याध्यापक राहिलेले, सरकारी निळ्या पुस्तकांचा खोल अभ्यास असलेले, सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात सारापद्धतीवर आणि देशाच्या अर्थकारणावर लिहिणारे. १९०१ च्या जानेवारीत रानडे गेले. त्यानंतर गोखले अंदाजपत्रक आले की जोशींकडे धाव घेत, त्यांच्याकडून आकडे, तुलना, शंका मागत. आज मंत्र्यांच्या आणि खासदारांच्या मागे संशोधन कक्ष असतात. त्या काळी मुंबई इलाख्यातला एक शाळामास्तर हाच विरोधी पक्षाचा संशोधन कक्ष होता. जोशी सभागृहात कधी दिसले नाहीत. पण कर्झनसमोर जे कोसळत नव्हते ते जोशींच्या टिपणांवर उभे होते.

गोखले एवढे पुराव्याला चिकटून का राहतात, याचे माझ्यापुरते एक उत्तर आहे. ते पाच वर्षे मागे जाते आणि तेही रोगापाशीच.

१८९७ साली पुण्यात प्लेग निवारणासाठी गोरे सोल्जर घरोघर तपासणी करत होते. गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. ती साक्षही हिंदुस्थानच्या खर्चाविषयीच होती. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी विलायतेतल्या वृत्तपत्रात सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे सांगितले. इकडे प्लेग अधिकारी रँडवर झालेल्या हल्ल्याने वातावरण पेटलेले होते, आणि गोखले परतले तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कुणी पुढे येऊन साक्ष द्यायला तयार नव्हते. पुरावा नाही म्हणून त्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली. पुण्याने त्यांना ती माफी अनेक वर्षे विसरू दिली नाही. पुढच्या साथीत हाच माणूस प्लेगच्या कामात स्वयंसेवक म्हणून उतरला.

ही हकीकत त्यांच्या चरित्रात एक डाग म्हणून सांगितली जाते. मला ती त्यांच्या गद्याची किल्ली वाटते. माफीनंतरच्या गोखल्यांच्या तोंडी असे विधान सहसा सापडणार नाही, ज्याचा पुरावा विरोधकाच्याच कपाटात नाही. खानेसुमारी सरकारची, मिठाचे आकडे सरकारचे, हुंडणावळीचे दर सरकारचे. साक्षीदार उद्या उलटू शकेल असा एकही पुरावा नाही. ज्या राज्यकर्त्यांपुढे १८९७ साली त्यांना हात जोडावे लागले, त्यांच्यापुढे १९०२ साली ते त्यांच्याच वह्या उघडून उभे राहिले. या भाषणांतला जो संयम शीतल वाटतो त्याच्या तळाशी ही जखम आहे, असे धरून वाचले की त्यातला ताण ऐकू येतो.

१९०२ च्या भाषणात मला न भावणाऱ्या जागाही आहेत. लष्करी खर्चावरचा भाग लांबतो. तो बरोबर आहे, त्याची वेळही बरोबर आहे, पण वाचताना आकडे अंगावर येतात आणि मिठाच्या भागात जी एकाग्रता आहे ती विरळ होते. व्हाइसरॉयच्या हेतूंबद्दलचे गौरवाचे शब्द जरा जास्त वेळा येतात. काळाची रीत म्हणून सोडून देता येतील, पण आज ते कानाला टोचतात. आणि योग्य आकडा योग्य टेबलावर ठेवला की न्याय होतो, ही त्यांची श्रद्धा त्यांच्याच पुढच्या वर्षांनी पुरती खरी केली नाही.

पण थोडी केली. १९०३ च्या अंदाजपत्रकात मिठाचा कर आठ आण्यांनी उतरला, मणाला दोन रुपये झाला. प्राप्तीकराची मर्यादा पाचशेवरून हजारावर गेली. त्या वर्षीचे भाषण मुद्दाम वाचावे, कारण जिंकलेल्या विरोधकाने कसे बोलावे याचा तो पाठ आहे. गोखले आभार मानतात आणि मनापासून मानतात. त्यात ‘मी म्हणालो होतो’ असा सूर कुठे नाही. पण आभारांचा उपयोग ते पायरीसारखा करतात. कर उतरला हे उत्तम, आता खप वाढेल, खप वाढला की उत्पन्नाची तूट भरून निघेल, म्हणून आणखी उतरवायला हरकत नाही. त्यांनी सरकारच्या हाती तिजोरीला पटेल असे कारण दिले. गरिबाच्या पोटाचे कारण सरकारला हलवत नसेल तर हिशेबाचे कारण हलवील. १९०५ मध्ये कर दीड रुपयावर आला, १९०७ मध्ये एक रुपयावर. खप खरोखरच वाढत गेला. आपल्या त्या पाच माणसांच्या घराचा, तेवढ्याच पन्नास पौंडांवरचा, कर चोवीस आण्यांवरून दहा आण्यांच्या आत आला. हे श्रेय एकट्या गोखल्यांचे नाही. काँग्रेसच्या व्यासपीठावरून वर्षानुवर्षे ही मागणी होत होती आणि तिजोरी भरलेली होती. पण कोट्यवधी घरांच्या पातेल्यांत जे दोन खडे जास्त पडले, त्यांच्यामागे त्या दोन आकड्यांची जोडी आहे, असे मी मानतो.

कराच्या आकड्यांचा दुसरा एक अर्थही त्यांनी लोकांना शिकवला. अबकारीचे उत्पन्न वाढले की सरकारला वाटे, लोकांच्या हाती पैसा खुळखुळतो आहे. गोखले म्हणत, दारूचा खप हे सुबत्तेचे माप नव्हे. वाढलेले उत्पन्न पाहून समाधान मानणारा हिशेबनीस त्या उत्पन्नाने घरात काय झाले हे विचारत नाही. आजही हे वाक्य आपल्या विधिमंडळात कुणी उच्चारावे असे आहे.

आणि मग अफू. १९०७ साली चीनशी करार होऊन चीनकडे जाणारी अफू दरवर्षी एक दशांशाने कमी करायची ठरली. तिजोरीला हा मोठा तोटा होता. दर वर्षी करकपात मागणाऱ्या माणसाने इथे कुरकुर करणे स्वाभाविक होते, कारण ही तूट शेवटी हिंदी करदात्याच्याच माथी येणार. गोखल्यांनी उलट केले. या उत्पन्नाचा विचार आला की मला नेहमीच मान खाली घालावीशी वाटते, अशा आशयाचे ते बोलले. चिनी लोकांच्या अधःपातावर उभा असलेला पैसा जातो आहे तर जाऊ दे. पाच वर्षे ज्याच्या भाषणात प्रत्येक भावना आकड्याचा हात धरून आली, त्याच्या भाषणात ही जागा एकदम उघडी पडते. इथे तो हिशेब मांडत नाही. आपल्या लोकांच्या शरीराचा हिशेब मांडता मांडता त्याला दुसऱ्या देशातल्या लोकांचे शरीरही दिसू लागले होते. राष्ट्रवादाच्या ऐन भरतीच्या वर्षांत, बंगालच्या फाळणीनंतर अवघ्या दोन वर्षांत, एका हिंदी पुढाऱ्याने आपल्या देशाचे नुकसान दुसऱ्या देशाच्या प्रकृतीसाठी आनंदाने मान्य करावे, याची पुरेशी नोंद आपण घेतलेली नाही.

कौन्सिलाबाहेरचे एक उदाहरण द्यावेसे वाटते, कारण तिथे हीच रीत सर्वांत आटीव रूपात दिसते. १९०५ च्या डिसेंबरात बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्षपद गोखल्यांकडे होते. देशाच्या दारिद्र्याबद्दल बोलताना त्यांनी मृत्युमान सांगितले. १८८२-८४ ची सरासरी हजारी २४. १८९२-९४ ची हजारी ३०. आणि सध्याची हजारी ३४. तीन आकडे, एकाखाली एक, मध्ये भाष्य नाही. त्या वर्षी सभामंडपात वंगभंगाचा संताप होता, स्वदेशीचा जोर होता, गर्जना करायला सगळी मोकळीक होती. त्यांनी आकड्यांचा तो जिना उतरून दाखवला आणि थांबले. दशकामागून दशक, हजार माणसांमागे मरणारी माणसे. दारिद्र्य मोजायचे तर उत्पन्नाच्या अंदाजांवर पंडित भांडत बसतील, तीस रुपये की साडेसतरा. मरण मोजायला अंदाज लागत नाही, ते गावच्या नोंदवहीत लिहिलेले असते. मृत्युमान हा देशाच्या अर्थव्यवस्थेचा आरसा आहे, ही गोष्ट अर्थशास्त्रज्ञांनी पुढे अनेक दशकांनी विस्ताराने मांडली. गोखल्यांनी ती व्यासपीठावरून श्रोत्यांना डोळ्यांनी दाखवली.

पुढच्या वर्षांत त्यांचा रोख वाढाव्याच्या विनियोगाकडे वळला. करकपात झाली तरी पैसा उरतच होता आणि सरकार तो रेल्वे बांधण्यात घालत होते. गोखल्यांचे म्हणणे सोपे होते. रेल्वे कर्ज काढून बांधता येते, ती पुढे स्वतःचे व्याज स्वतः फेडते. सामान्य माणसाच्या करातून उरलेला पैसा त्याच्याच शिक्षणावर, त्याच्या गावच्या पाण्यावर, गटारांवर, स्वच्छतेवर खर्च व्हावा. हे बोलताना ते पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळलेले गृहस्थ होते. प्लेगने खिळखिळ्या झालेल्या नगरपालिकेला एक नळ वाढवायचा तर काय काय करावे लागते हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच या भागातली भाषा कलकत्त्याच्या दालनातली राहत नाही, ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहून बोलते. साम्राज्याची तिजोरी फुगलेली आणि जिथे रोग जन्मतो तिथल्या नगरपालिकेची पेटी रिकामी, हा विरोध त्यांनी वर्षामागून वर्षे, जवळजवळ त्याच शब्दांत मांडला. १९०७ साली देशभरात प्लेगने बारा लाखांहून अधिक माणसे नेली, हे ध्यानात घेतले की ती पुनरुक्ती कंटाळवाणी वाटत नाही.

१९०९ नंतर ठराव मांडण्याची आणि मतदान मागण्याची सोय झाली, आणि गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल आणले. १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. मत मिळाल्यावर हरणे आणि मत नसताना मिठाचा कर उतरवून घेणे, हा क्रम मला नेहमी विचारात पाडतो. मधुमेहाने शरीर पोखरलेले असताना त्यांनी ती शेवटची वर्षे काढली. १९ फेब्रुवारी १९१५ ला गेले तेव्हा पन्नाशीही गाठलेली नव्हती.

मिठाचा कर त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच पुन्हा चढू लागला, १९१६ मध्ये सव्वा रुपया झाला. १९२३ साली सरकारने तो एकदम दुप्पट करायचे ठरवले. आता दिल्लीत निवडून आलेली असेंब्ली होती, तिला मत होते आणि तिने तो नाकारला. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात तो तरीही लागू केला. त्या वर्षाचा आकडा मी संग्रहातल्या १९०२ च्या भाषणाशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवला आहे. मणाला अडीच रुपये.